आवाजाचा सत्कार करायचा कसा?

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं रेडिओ केंद्र सुरू झालं. उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन आले होते. प्रक्षेपकाची ताकद दीड किलोवॅट, म्हणजे आवाज मुंबईच्या आसपास पन्नासेक किलोमीटरपर्यंत नीट पोचेल एवढी. त्याआधी १९२३ पासून मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथल्या हौशी रेडिओ क्लबांनी प्रयोग केले होते. पण ठरलेल्या वेळी, रोजच्या रोज, संस्था म्हणून चालणारा रेडिओ भारतात या दिवसापासून धरतात. म्हणूनच २३ जुलै हा राष्ट्रीय प्रसारण दिन. २०२७ साली त्याला शंभर वर्षं होतात.

शताब्दी आली की सत्कार आले. कोल्हापूर त्यात कधी मागं राहत नाही. इथं गुणी माणसाला फेटा बांधायला तालमीपासून विद्यापीठापर्यंत सगळे पुढं येतात. पण रेडिओच्या बाबतीत सत्काराची गोष्ट वाटते तितकी सरळ नाही. पुस्तक काढून वाचता येतं, मूर्ती जाऊन पाहता येते. रेडिओवर चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाचं काम दाखवा म्हटलं तर दाखवायचं काय? सन्मानपत्रावर ‘मधुर आवाज’ असं लिहिलेलं असतं, आणि तो आवाज ऐकवायला कुणाकडंच काही नसतं.

रेडिओच्या माणसांचा आणि कार्यक्रमांचा गौरव आज कसा होतो, त्यात काय सुटतं, आणि कोल्हापुरात आपल्याला काय करता येईल, हे या लेखात पाहू.

रेडिओचा माणूस म्हणजे नेमकं कोण?

आपल्याला आठवतो तो उद्घोषक, म्हणजे ‘आता ऐकू या’ म्हणणारा किंवा म्हणणारी. पण अर्ध्या तासाच्या एका श्रुतिकेमागं, म्हणजे फक्त कानांसाठी लिहिलेल्या नाटकामागं, बरीच माणसं असतात. संहिता लेखकाची. कलाकार निवडणारा, तालीम घेणारा निर्माता. पावलांचे, दाराचे, पावसाचे आवाज जमवणारा. ध्वनिमुद्रण करणारा अभियंता. ड्युटी रूममध्ये घड्याळावर डोळा ठेवून बसलेला अधिकारी, ज्याच्यासमोर दिवसभराच्या कार्यक्रमांची सेकंदांसकट मांडणी असलेली क्यू शीट असते. टेपच्या जमान्यात संकलन म्हणजे फीत ब्लेडनं तिरकी कापून चिकटपट्टीनं जोडणं. एखाद्या वक्त्याचा खोकला इतक्या सफाईनं काढलेला असे की ऐकणाऱ्याला कधी कळायचंही नाही. यातल्या बहुतेकांचं नाव श्रोत्यांपर्यंत पोचलेलं नाही.

नाव सांगण्याची पद्धतसुद्धा सगळीकडं सुरुवातीपासून नव्हती. बीबीसीचे वृत्तनिवेदक आधी निनावीच बातम्या वाचत. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, शत्रूनं खोट्या बातम्या घुसवू नयेत म्हणून त्यांनी नावं सांगायला सुरुवात केली. आपल्याकडं बातम्यांच्या आरंभी नाव येत राहिलं, आणि त्यामुळंच सुधा नरवणे, दत्ता कुलकर्णी ही नावं त्यांचा चेहरा कधीही न पाहिलेल्या लाखो मराठी माणसांना घरातली वाटतात. संस्कृत बातम्यांतले बलदेवानंद सागर तर संस्कृतचा गंध नसलेल्यांनाही पाठ आहेत.

नाटकवाल्यांचं भाग्य याहून वेगळं. मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’मुळं टेकाडे भावजी आणि मीनावहिनी महाराष्ट्रभर घरोघरी गेले. पण प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर ही त्यामागची नावं तुलनेनं कमी लोकांना सांगता येतील. पात्र मोठं झालं, माणूस मागं राहिला. याचं मला वाईट वाटतं, कारण नुसत्या आवाजातून अख्खं बिऱ्हाड उभं करणं ही मोठी कला आहे.

आज गौरव होतो तो कोणत्या वाटांनी?

पहिली वाट राष्ट्रीय नागरी सन्मानांची. गांधीजींच्या अंत्ययात्रेचं सुमारे सात तास इंग्रजी धावतं वर्णन करणारे मेलव्हिल डिमेलो यांना १९६३ साली पद्मश्री मिळाली. हिंदी समालोचक जसदेव सिंग यांना पद्मश्री आणि नंतर २००८ साली पद्मभूषण. ‘बिनाका गीतमाला’चे अमीन सयानी यांना २००९ साली पद्मश्री. पद्म पुरस्कारासाठी कुणीही नागरिक ऑनलाइन शिफारस करू शकतो, अगदी स्वतःचीही; त्यासाठी मोठ्या ओळखी लागतात हा समज चुकीचा आहे. अडचण वेगळी आहे. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सोडले तर सेवेत असलेल्या सरकारी नोकरांना हे पुरस्कार मिळत नाहीत, आणि मरणोत्तर ते सहसा देत नाहीत. आकाशवाणीच्या माणसाला त्यामुळं निवृत्ती आणि मृत्यू यांच्यामधल्या काळातच गाठावं लागतं.

दुसरी वाट आकाशवाणीच्या स्वतःच्या वार्षिक पुरस्कारांची. यात केंद्रं आपापले कार्यक्रम पाठवतात आणि परीक्षक ते ऐकून निवड करतात. राष्ट्रीय एकात्मतेवरच्या कार्यक्रमाचा पुरस्कार लस्सा कौल यांच्या नावानं आहे. ते श्रीनगर दूरदर्शनचे संचालक होते आणि १३ फेब्रुवारी १९९० रोजी अतिरेक्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. पुढं युनेस्कोनं जागतिक रेडिओ दिन ठरवला तोही १३ फेब्रुवारीच. कारण वेगळं होतं: १९४६ साली त्या तारखेला संयुक्त राष्ट्रांचा रेडिओ सुरू झाला होता. पण आपल्याकडं त्या दिवशी रेडिओच्या शुभेच्छा पाठवताना कौल यांची आठवण निघायला हवी, असं मला वाटतं.

तिसऱ्या वाटेकडं पुरस्कार म्हणून कुणी पाहत नाही: श्रेणी. आकाशवाणी कलाकारांची चाचणी घेते आणि बी, बी-हाय, ए, टॉप अशा श्रेणी देते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावातलं भजनाचं किंवा शाहिरीचं जुनं हँडबिल पाहा. नावापुढं ‘आकाशवाणी मान्यताप्राप्त कलाकार’ छापलेलं असायचं. भेदिक शाहीर, सोंगी भजनवाले, धनगरी ओव्या गाणारे यांना दिल्लीचा कुठलाही पुरस्कार मिळणार नव्हता. रेडिओनं त्यांना बोलावलं, नाव घेतलं, मानधनाचा धनादेश दिला, आणि गावात त्यांची पत वाढली.

या तिन्ही वाटांतून एक मोठा गट निसटतो. ‘कॅज्युअल’ म्हणजे कंत्राटी उद्घोषक. महिन्यातल्या मोजक्या ड्युट्या करणारे शिक्षक, गृहिणी, वकील, विद्यार्थी. श्रोत्यासाठी केंद्राचा आवाज बरेचदा हेच लोक असतात. पण कायमच्या नोकरीच्या नोंदींत ते दिसत नाहीत.

एकाच केंद्रावरचे दोन कार्यक्रम

आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं. त्यानंतर दीड वर्षानं, १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला, तिथून ‘गीतरामायण’ सुरू झालं. कल्पना केंद्रावरच्या सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचं. फडके मूळचे आपल्या कोल्हापूरचे. जन्म इथला, गाण्याचे धडेही इथलेच. वर्षभर दर आठवड्याला एक नवं गीत. त्या वर्षी अधिक मास आल्यानं बावन्नाऐवजी छप्पन्न गीतं झाली, आणि १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीच्या सुमारास मालिका संपली. पुढचा इतिहास सांगायला नको. सत्तर वर्षं होऊन गेली तरी त्याचे प्रयोग होतात आणि सभागृहं भरतात.

आता दुसरा कार्यक्रम. त्याच पुणे केंद्रावरून, फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ मध्ये, म्हणजे गीतरामायणाची शेवटची गीतं चालू असतानाच, शेतकऱ्यांसाठी एक प्रयोग झाला. युनेस्कोची मदत होती. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास. एकूण वीस कार्यक्रम. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली होती. प्रत्येक गावात वीसेक जणांचं मंडळ. ते एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचे, नंतर त्यावर चर्चा करायचे, प्रश्न केंद्राला कळवायचे, आणि उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून यायची. ‘ऐका, चर्चा करा, कृती करा’ हे सूत्र.

समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ आणि टाटा समाजविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी त्याची तपासणी केली. तुलनेसाठी काही गावं अशी घेतली होती जिथं रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, आणि काही जिथं रेडिओच नव्हता. मंडळं असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत स्पष्ट भर पडली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारच थोडी. याच अनुभवावर १९५९ पासून देशभर ग्रामीण श्रोता मंडळं सुरू झाली. विकासासाठी माध्यमं कशी वापरावीत यावर जगात जो अभ्यास झाला, त्यात या पुण्याच्या प्रयोगाचा दाखला वारंवार येतो.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या किती जणांना हे ठाऊक आहे? आपल्या आजोबांच्या पिढीतले शेतकरी कंदिलाच्या उजेडात चर्चा करत होते, आणि त्या चर्चेतून देशाचं धोरण ठरलं. त्या गावांत पाटी नाही, चौक नाही, १३ फेब्रुवारीला कुणी नाव काढत नाही.

मला गीतरामायणाचं मोठेपण कमी करायचं नाही. पण ते टिकलं कशामुळं हे नीट पाहिलं पाहिजे. ते रेडिओच्या बाहेर पडलं. गीतांचं पुस्तक निघालं, बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या, आवाजात ध्वनिमुद्रिका निघाल्या, रंगमंचावर हजारो लोकांसमोर ते गायलं गेलं. खरं तर आज बहुतेकांच्या कानात आहे ते त्या ध्वनिमुद्रिकांतलं, सगळी गीतं एकट्या बाबूजींनी गायलेलं गीतरामायण. मूळ रेडिओ मालिकेत पात्रांप्रमाणं वेगवेगळे गायक होते: माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे आणि आणखी किती तरी. म्हणजे महाराष्ट्रातला सर्वांत गाजलेला रेडिओ कार्यक्रमसुद्धा आपल्याला मुख्यतः रेडिओबाहेरच्या रूपात माहीत आहे.

शेतकरी मंडळांच्या प्रयोगाचा अहवाल छापला गेला, म्हणून तो निदान अभ्यासकांना सापडतो. बाकी हजारो कार्यक्रमांचं पुस्तकही झालं नाही, रेकॉर्डही निघाली नाही, अहवालही नाही. त्यांचा गौरव करायचा तर आधी ते होते हे सिद्ध करावं लागतं.

आवाज गेला कुठं?

सुरुवातीचे बरेच कार्यक्रम थेट जायचे. कलाकार माइकसमोर उभे राहिले, बोलले, संपलं. ध्वनिमुद्रण व्हायचं ते महत्त्वाच्या भाषणांचं, मोठ्या गायकांचं. महात्मा गांधी १२ नोव्हेंबर १९४७ रोजी दिल्लीच्या प्रसारण भवनात आले आणि कुरुक्षेत्रातल्या निर्वासितांशी बोलले. ते ध्वनिमुद्रण आज ऐकायला मिळतं, आणि तो दिवस लोकसेवा प्रसारण दिन म्हणून पाळला जातो. पण त्याच सुमारास एखाद्या केंद्रावर शेतकऱ्याची घेतलेली मुलाखत जपावी असं कुणाला वाटण्याचं कारण नव्हतं.

मग चुंबकीय फीत आली. पाव इंच रुंद, मोठ्या चक्राला गुंडाळलेली. साडेसात इंच प्रति सेकंद हा नेहमीच्या वापरातला वेग धरला तर अर्ध्या तासाला सुमारे ११२५ फूट फीत लागते. फीत महाग होती आणि मोजून मिळायची. म्हणून ती शाळेतल्या पाटीसारखी वापरली जायची: आजचं झालं की पुसायचं, उद्याचं त्यावर लिहायचं. हे फक्त आपल्याकडं झालं असं नाही. बीबीसीसारख्या संस्थेतही असंख्य कार्यक्रम असेच पुसले गेले. कुणाचा हलगर्जीपणा म्हणून याकडं पाहू नये. प्रसारण हेच काम होतं. साठवणं हे कामाच्या व्याख्येतच नव्हतं.

जे पुसलं गेलं नाही त्यालाही वय आहे. फितीवरचं चुंबकीय पावडरीचं लेपन एका चिकट द्रव्यानं धरलेलं असतं. १९७० आणि १९८० च्या दशकांतल्या अनेक फितींमधलं हे द्रव्य हवेतली ओल शोषून खराब होतं. अशी फीत वाजवायला घेतली की ती यंत्राला चिकटते, लेपन खरवडून निघतं, आणि वाजवणं हेच तिचं शेवटचं वाजणं ठरू शकतं. जाणकार लोक ती आधी मंद, नियंत्रित उष्णतेत ठेवून काही काळापुरती सुधारतात आणि तेवढ्यात तिची प्रत करून घेतात. आपल्याकडचा जून ते सप्टेंबरचा दमटपणा पाहता हे गगनबावडा-राधानगरीकडच्या माणसाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

संगणकावर प्रत करताना जतनासाठीचा आंतरराष्ट्रीय शिफारशीचा दर्जा ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट असा आहे. सोप्या भाषेत, आवाजाची सेकंदाला ९६ हजार वेळा आणि फार बारकाईनं नोंद करायची. एका माइकच्या एका तासाला एक गिगाबाइटच्या थोडी वर जागा लागते. जागा आता स्वस्त झाली आहे. माणसाचा वेळ मात्र तसा वाचवता येत नाही, कारण एक तासाची फीत वाजायला एक तासच लागतो, आणि त्यात कोण बोलतंय हे ओळखून लिहून ठेवायला त्याहून जास्त.

‘पण आता यूट्यूबवर सगळं मिळतं की!’

हा आक्षेप रास्त आहे. प्रसार भारतीनं आपल्या संग्रहातलं बरंच ध्वनिमुद्रण इंटरनेटवर आणलं आहे आणि त्याबद्दल तिचे आभार मानले पाहिजेत. पण तिथं काय आहे ते पाहा: दिग्गज गायक, पंतप्रधान, नामवंत साहित्यिक. जे तेव्हा महत्त्वाचं ठरलं ते जपलं गेलं, आणि जे जपलं गेलं तेच आज दिसतं. सांगली केंद्रावर एखाद्या बुधवारी सकाळी झालेली उसाच्या खोडव्यावरची चर्चा तिथं सापडणं कठीण.

शिवाय हौशी लोकांनी चढवलेल्या कार्यक्रमांवर बहुधा तारीख नसते, केंद्राचं नाव नसतं, बोलणाऱ्याची ओळख नसते. ‘जुना दुर्मिळ कार्यक्रम’ एवढंच. आवाज आहे, पण गौरव करायला माणूस सापडत नाही.

तारीख शोधायची एक सोय आहे, तिचा आपण पुरेसा उपयोग करत नाही. ऑल इंडिया रेडिओ ‘द इंडियन लिसनर’ नावाचं कार्यक्रमपत्रक काढत असे, डिसेंबर १९३५ पासून. कुठल्या केंद्रावर किती वाजता कोण गाणार, कोण बोलणार, हे त्यात छापलेलं असे. त्याचे पुष्कळ जुने अंक इंटरनेटवर चाळता येतात. घरात कुणी सांगत असेल की आमचे आजोबा मुंबई रेडिओवर गायले होते, तर ते तिथं शोधून पाहता येतं. नाव सापडलं की झालेला आनंद कुठल्याही सन्मानचिन्हापेक्षा कमी नसतो.

‘शेतीच्या गप्पा आणि फर्माईशी जपून काय मिळणार?’

पहिलं म्हणजे भाषा. आपल्याकडं १९६३ पासून सांगली केंद्र, मध्यम लहरींवर १२५१ किलोहर्ट्झ, आणि नव्वदच्या दशकापासून कोल्हापूरचं एफएम १०२.७. मध्यम लहरी जमिनीलगत दूरवर जातात, म्हणून सांगलीचं केंद्र कोल्हापूर जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवर ऐकू यायचं. एफएमचा आवाज स्वच्छ, पण डोंगर आडवा आला की अडतो. या दोन केंद्रांच्या माइकसमोर इथला शेतकरी, मेंढपाळ, गुळव्या, पैलवान, दाई आपापल्या बोलीत बोलले. बोली झपाट्यानं बदलते आहे. पन्नास वर्षांपूर्वीचा कागलचा माणूस कसा बोलायचा, शब्द कुठं तोडायचा, कुठं हेल काढायचा, हे पुस्तकातून कळत नाही.

दुसरं, कामाचा इतिहास. तमिळनाडूत तंजावर भागात भाताचं एक नवं वाण आकाशवाणीच्या कार्यक्रमांमुळं इतकं पसरलं की शेतकरी त्याला ‘रेडिओ भात’ म्हणायला लागले. कुठल्या निवेदकानं, कुठल्या शब्दांत सांगितलं म्हणून लोकांनी विश्वास ठेवला, हे आजही कृषी विस्ताराचं काम करणाऱ्याला शिकण्यासारखं आहे.

आणि तिसरं आपल्या अगदी जवळचं आहे. २००५, २०१९, २०२१ चे महापूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ आहेत. वीज गेलेली, मोबाइलची बॅटरी संपत आलेली, अशा वेळी सेलवरचा रेडिओ चालतो. पुराच्या दिवसांत इथल्या सरकारी आणि खासगी केंद्रांवरून जे बोललं गेलं, तास-तासाला ज्या सूचना गेल्या, ते ध्वनिमुद्रण म्हणजे आपत्तीचा कच्चा दस्तऐवज आहे. ही केंद्रं आहेत, ती माणसं आहेत, सगळं अलीकडचं आहे. जुन्या काळाबद्दल हळहळताना हे हातातलं सुटू देऊ नये.

‘कायदा आड येत नाही का?’

येतो, पण वाटतो तेवढा नाही. भारताच्या प्रताधिकार कायद्यात, म्हणजे निर्मात्याच्या हक्कांच्या कायद्यात, एकाच कार्यक्रमावर अनेकांचे वेगवेगळे हक्क असतात. प्रसारण संस्थेचा प्रसारणावरचा हक्क २५ वर्षं. कलाकाराचा आपल्या सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षं. गीतकार आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं. गदिमा १९७७ साली गेले, म्हणून त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत. बाबूजी २००२ साली गेले, त्यांच्या चालींवरचा २०६२ अखेरपर्यंत. प्रसारणावरचा हक्क संपला म्हणून गाण्यावरचा संपला असं होत नाही, इथंच बहुतेकांचा गोंधळ होतो.

मात्र खासगी वापरासाठी, किंवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी प्रसारणाचं ध्वनिमुद्रण करायला कायदा मोकळीक देतो. नफ्यासाठी न चालणारं सार्वजनिक वाचनालय आपल्याकडं असलेल्या प्रतीची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवू शकतं. जपणं आणि जाहीरपणे ऐकवणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. दुसरीला परवानगी लागते, म्हणून पहिली थांबवायचं कारण नाही.

कोल्हापूरकरांनी काय करावं?

आपल्या शहरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा इथं स्वतः बनवला आणि त्याच्यावर चित्रपट काढले, त्याची ती आठवण. एका यंत्राला असा मान देणारं गाव दुसरं दाखवणं अवघड आहे. पण त्या काळातले बहुतेक मूकपट आज पाहायला मिळत नाहीत. स्तंभासमोर फूल वाहताना ही खंत मनात येतेच. रेडिओच्या बाबतीत आपण उलट्या क्रमानं जाऊ या: आधी आवाज गोळा करू, स्मारकाचं नंतर पाहू.

अमेरिकेत राष्ट्रीय ग्रंथालयाची एक पद्धत मला अनुकरणीय वाटते. दरवर्षी २५ ध्वनिमुद्रणं राष्ट्रीय ठेवा म्हणून निवडतात. त्यात गाणी असतात तशी रेडिओवरची भाषणं आणि नाटकंही असतात. किमान दहा वर्षं जुनं असावं एवढीच वयाची अट. नावं कुणीही सुचवावीत. निवड झाली की ते जपण्याची जबाबदारी ग्रंथालयावर येते. सत्कार आणि जतन एकाच निर्णयात. हे जिल्ह्याच्या पातळीवर का होऊ नये? वर्षाला पाच ध्वनिमुद्रणं निवडायची. त्यातलं किमान एक शेतीचं, एक लोककलेचं, आणि एकाचा मान तंत्रज्ञाला द्यायचा. शिवाजी विद्यापीठाकडं ग्रंथालय आहे, पत्रकारितेचा विभाग आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून पुस्तकं सांभाळतंय. या संस्थांना आवाज सांभाळणं परकं वाटू नये.

निवडीचे निकष साधे ठेवावेत. कार्यक्रमानं ऐकणाऱ्याच्या जगण्यात काय बदललं? त्यानं असं काही टिपलं का जे दुसरीकडं कुठंही नाही? आवाजाचा वापर जाणून केला का? लोकप्रियता हा चौथा प्रश्न असावा, पहिला नव्हे. लोकप्रिय कार्यक्रमांना आठवायला माणसं आहेत.

काम घरापासून सुरू होतं. ऐंशी-नव्वदच्या दशकांत टेपरेकॉर्डरवर रेडिओवरचे कार्यक्रम भरून घेणारी माणसं प्रत्येक पेठेत होती. मामाची मुलाखत लागली, आत्याचं भावगीत लागलं, की कॅसेट तयार असायची. केंद्राकडं जे उरलं नाही ते अशा कॅसेटवर असण्याची शक्यता खूप आहे. शाहूपुरी, राजारामपुरी, शिवाजी पेठेतल्या माळ्यांवरचे बूट-चपलांचे खोके उघडायला हवेत.

कॅसेट सापडली तर लगेच वाजवू नका. पट्टीवर पांढरी बुरशी आहे का पाहा. असेल तर ती पिशवीत वेगळी ठेवा आणि जाणकाराला दाखवा, नाही तर बुरशी यंत्रातून दुसऱ्या कॅसेटमध्ये जाते. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन बारीक प्लॅस्टिकच्या खुणा असतात. त्या मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. पुरात भिजलेली असेल तर उन्हात किंवा हीटरसमोर ठेवू नका; स्वच्छ, शक्यतो शुद्ध केलेल्या पाण्यानं गाळ धुऊन सावलीत वाळवा, आणि पूर्ण वाळेपर्यंत यंत्रात घालू नका. प्रत केल्यावर एक घरी, एक दुसऱ्या ठिकाणी, अशा निदान दोन जागी ठेवा.

आणि वहीत लिहा: केंद्र कोणतं, साधारण साल कोणतं, कार्यक्रमाचं नाव, कोण बोलतंय, कुणी भरून घेतलं. साल आठवत नसेल तर त्या वेळी घरात काय चाललं होतं ते लिहा. थोरलीचं लग्न, विहिरीचं काम, दुष्काळ, यावरूनही तारीख लावता येते. ही माहिती सांगू शकणारी माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. निवृत्त उद्घोषक, ड्युटी ऑफिसर, अभियंते कोल्हापुरात आणि सांगलीत राहतात. त्यांच्याकडं फोन घेऊन बसा, जुनं ध्वनिमुद्रण ऐकवा आणि विचारा की हा आवाज कुणाचा, त्या दिवशी स्टुडिओत आणखी कोण होतं, ही फीत कापली कुणी. ते बोलत असताना तुमच्या फोनचं रेकॉर्डिंग चालू असू द्या, त्यांना विचारून.